आधी हिशेब, मग मिठाई

दिवाळीला आठ दिवस उरले की पुण्याच्या रविवार पेठेत मिठाईच्या खोक्यांचे ढीग दिसू लागतात. जो तो व्यापारी आपल्या नोकरांसाठी, दलालांसाठी, जुन्या गिऱ्हाइकांसाठी खोकी उचलत असतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत हेच चित्र मोमीनपुऱ्यात आणि कॅम्पात दिसते. खोक्याच्या जागी शेवया, खजूर आणि सुक्या मेव्याच्या पिशव्या येतात एवढेच. डिसेंबरच्या अखेरीस महात्मा गांधी रस्त्यावर नाताळच्या केकसाठी गर्दी होते. माल बदलतो, रीत एकच आहे. ज्यांच्याबरोबर आपण वर्षभर काम करतो त्यांचे तोंड सणाला गोड करावयाचे.

ही रीत चांगली आहे, ती टिकली पाहिजे. परंतु बऱ्याच दुकानांत आणि कारखान्यांत सणाचा आनंद खोक्यापाशी सुरू होतो आणि खोक्यापाशीच संपतो. नोकर खोके घेतो, सलाम किंवा नमस्कार करतो, आणि घरी जाताना त्याच्या मनात दोनच प्रश्न असतात. बोनस हातात केव्हा पडेल? आणि सणाच्या दिवशी सुटी मिळेल का? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या दुकानात आधीच मिळालेली असतात, तेथे मिठाई खरोखर गोड लागते. म्हणून व्यापारी बंधूंपुढे या सणाच्या हंगामाची हिशेबी बाजू मांडावी असे वाटले.

मी कापडाच्या धंद्यात पस्तीस-चाळीस वर्षे आहे. शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी मी गल्ल्यावर बसून, दिवाणजींच्या वह्या वाचून शिकलो. तेव्हा भाषेत चूकभूल द्यावी घ्यावी. हिशेबात चूक होऊ नये याची काळजी मी घेतली आहे.

पोस्त, ईदी आणि बोनस

सणाला मालकाने माणसाच्या हातावर काही ठेवावे ही पद्धत फार जुनी. मराठीत दिवाळीच्या या पैशाला 'पोस्त' म्हणतात. आपल्या घरात लहानांना ईदी मिळते, आणि पुष्कळ मालक नोकरांनाही ईदी देतात. पोस्त आणि ईदी ही मालकाची खुशी आहे. दिली तर दुवा मिळते, न दिली तर कोणी भांडू शकत नाही.

बोनस ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा इतिहास आपल्याच कापड धंद्यातला आहे. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना भरपूर नफा झाला आणि बाजारात महागाई वाढली. तेव्हा १९१७ मध्ये गिरणीमालकांनी पगाराच्या १० टक्के इतका युद्ध बोनस सुरू केला आणि १९१८ मध्ये तो १५ टक्के केला. युद्ध संपल्यावरही काही वर्षे वर्षाकाठी एक महिन्याच्या पगाराइतका बोनस मिळत राहिला. पुढे नफा घटल्याचे कारण देऊन मालकांनी तो बंद केला, आणि १९२४ च्या आरंभी लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. त्यात साचेखात्यातले कोकणी आणि घाटी कामगार होते, तसेच उत्तरेकडून आलेले आपले जुलाहे मोमीनही होते. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीपुढे प्रश्न गेला. कामगारांना बोनस मागण्याचा कायदेशीर हक्क नाही असा निर्णय तेव्हा झाला. संप फसला, पण मागणी मेली नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या एका खटल्यात अपील न्यायाधिकरणाने नफ्यातून बोनस कसा काढावा याचे सूत्र घालून दिले. १९६१ मध्ये मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ मध्ये बोनस कायदा झाला. आरंभी किमान बोनस ४ टक्के होता. १९७० च्या दशकात तो ८.३३ टक्के झाला. कमाल मर्यादा २० टक्के. आता हा कायदा २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे, पण किमान ८.३३ आणि कमाल २० ही दोन्ही टोके तीच राहिली आहेत. ज्या आस्थापनेत २० किंवा अधिक माणसे आहेत तिला तो बांधील आहे. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत रक्कम द्यावयाची असते. आपले वर्ष ३१ मार्चला संपते, म्हणजे नोव्हेंबरअखेर. दिवाळी या मुदतीच्या आतच येते.

८.३३ हा आकडा अवघड वाटतो, पण त्यात काही गूढ नाही. शंभराला बाराने भागा, ८.३३ येतात. म्हणजे बारा महिने काम करणाऱ्याला तेराव्या महिन्याचा पगार. (कायद्यात पगाराच्या रकमेवर मर्यादा आहेत. मोठ्या आस्थापनांनी त्या आपल्या हिशेबनिसाकडून समजून घ्याव्यात.)

आता आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात २० माणसे नाहीत. पाच, सात, फार तर दहा असतील. कायद्याचा धाक त्यांना नाही. परंतु कायदा लागू नाही म्हणून माणसाचे घर चालवायला कमी पैसे लागतात असे थोडेच आहे? शेजारच्या मोठ्या दुकानातील नोकर जेव्हा बोनसची रक्कम घेऊन घरी जातो, तेव्हा आपल्या नोकराची मुलेही ते पाहत असतात. मजुरी वेळेवर देण्याविषयीची शिकवण आपल्या घराघरांत लहानपणापासून सांगितली जाते. ती सणाच्या आठवड्यात विसरावयाची नसते.

रोजचे अडीचशे रुपये

लहान व्यापारी म्हणतो, 'देण्याची इच्छा आहे, पण सणाच्या तोंडावर सगळा पैसा मालात अडकलेला असतो.' हे खरे आहे. सुरतेचा माल आगाऊ भरावा लागतो, कारण दिवाळीत तेथील बाजार बंद झाला की लाभपंचमीपर्यंत नीट उघडत नाही. भिवंडी आणि मालेगावचे देणे असते. गिऱ्हाईक उधारी मागते. अशा वेळी पाच माणसांचा एक-एक महिन्याचा पगार एकदम काढणे जड जाते.

यावर उपाय एकच, तो म्हणजे वर्षभर थोडे थोडे बाजूला काढणे. एक उदाहरण घेऊ. दुकानात पाच माणसे आहेत आणि त्यांचा मिळून महिन्याचा पगार ७५,००० रुपये आहे. तेरावा महिना म्हणजे ७५,००० रुपये. त्याला बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ६,२५० रुपये होतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला सुमारे २४० रुपये. रोज गल्ला मोजताना २५० रुपये वेगळे ठेवले, आणि आठवड्याला ते बँकेत एका वेगळ्या खात्यात भरले, तर सणाच्या महिन्यात मालकाला घाम फुटत नाही. या पैशाला हात लावावयाचा नाही. तो आपल्याजवळ असला तरी आपला नाही. माणसांची अमानत आहे.

नगावर काम करणाऱ्या कारागिरांचा हिशेबही असाच करता येतो. शिंपी, काजवाला, जरीवाला, रफूगर यांना महिन्याचा पगार नसतो. त्यांच्या मजुरीच्या दर शंभर रुपयांमागे ८ रुपये ३३ पैसे वहीत त्यांच्या नावावर जमा करा. वर्षाला १,२०,००० रुपयांचे काम करणाऱ्या कारागिराचे १०,००० रुपये होतात. त्याच्या वहीत हा आकडा महिन्याच्या महिन्याला दिसत राहिला तर ऐन हंगामात तो दुसऱ्याच्या कारखान्यात जाण्यापूर्वी दहा वेळा विचार करील.

घरी बसून साड्यांचे फॉल-पिको करणाऱ्या बायकांना आपण नेहमी विसरतो. त्यांचे नाव हजेरीच्या वहीत नसते, मालक कोण हेही पुष्कळदा त्यांना ठाऊक नसते. पण लक्ष्मी रस्त्यावरच्या दिवाळीच्या साडीचा शेवटचा टाका त्यांचाच असतो. त्यांची थकलेली मजुरी सणाच्या आधी चुकती झाली पाहिजे. 'हंगाम संपल्यावर सगळा हिशेब करू' हे वाक्य त्यांच्या बाबतीत तरी बोलू नये.

उचलीविषयीही एक शब्द. बहुतेक माणसांनी मालकाकडून उचल घेतलेली असते. पुष्कळ मालक सणाच्या रकमेतून ती एकदम कापून घेतात. कागदावर बोनस दिला जातो, हातात काही पडत नाही. उचल इतर महिन्यांच्या पगारातून थोडी थोडी कापावी आणि सणाची रक्कम अख्खी हातात द्यावी.

बोनस कोणत्या सणाला?

आपल्या दुकानांत रोजेदार असतात आणि दिवाळी करणारेही असतात. बोनस सर्वांना दिवाळीलाच द्यावयाचा असा नियम कोठेही नाही. नियम मुदतीचा आहे, सणाचा नाही. ईद मार्चमध्ये असेल आणि मुस्लिम नोकराला पैसा ऑक्टोबरात मिळाला, तर ईदला त्याला कर्ज काढावे लागते. ख्रिस्ती नोकराला दिवाळीला दिले तर नाताळपर्यंत ती रक्कम उरत नाही.

यासाठी कायद्यातच सोय आहे. सणानिमित्त किंवा रिवाजाप्रमाणे आगाऊ दिलेली रक्कम बोनसमधून वजा करता येते, असे १९६५ च्या कायद्यात होते आणि वेतन संहितेतही ते ठेवले आहे. फक्त देतेवेळी 'बोनसपोटी आगाऊ' असे लिहून सही घ्यावी. तोंडी व्यवहारात पुढे गैरसमज होतात. मी आमच्या दुकानात दरवर्षी प्रत्येकाला विचारतो की तुमचा पैसा कोणत्या सणाला हवा. एकाने तर मुलीच्या शाळेच्या फीसाठी जून महिना मागितला. तेही सणच म्हणावयाचे.

चंद्राचा हिशेब

सणाची तयारी आधी करावयाची तर सण केव्हा येणार हे ठाऊक पाहिजे. व्यापाऱ्याला हा चंद्राचा हिशेब समजला की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

हिजरी वर्ष निव्वळ चंद्रावर चालते. त्याचे दिवस ३५४ किंवा ३५५. म्हणून ईद दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे येते आणि सुमारे ३२-३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून पुन्हा जागेवर येते. हिंदू पंचांगातील महिनेही चंद्राचेच आहेत, पण तेथे सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालून वर्ष सूर्याबरोबर जुळवून घेतात. त्यामुळे दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच राहते.

आता गंमत पाहा. दिवाळीचे लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. गुढीपाडवा अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी येतो. ईदचा चंद्रही अमावास्येनंतरच दिसतो. म्हणजे एखाद्या वर्षी ईद त्याच अमावास्येच्या चंद्रावर आली की दोन्ही सण तीन-चार दिवसांच्या आत येतात, आणि पुढचा अधिक महिना येईपर्यंत दोन-तीन वर्षे बरोबरच चालतात. २००४, २००५ आणि २००६ मध्ये दिवाळी व रमजान ईद अशाच लागोपाठ आल्या. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला होता आणि ईद ११ एप्रिलला. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला. २०२६ चा पाडवा १९ मार्चचा, आणि त्या वर्षीची ईदही त्याच चंद्राची. त्यानंतर लगेच अधिक ज्येष्ठ येत असल्यामुळे ही जोडी सुटते. दिवाळी आणि ईद पुन्हा शेजारी येतील त्या २०३७ च्या सुमारास. आज ज्यांची मुले शाळेत आहेत त्यांनी हे वहीत लिहून ठेवावे. गल्ल्यावर तेव्हा तीच मुले असतील.

असे सण एकत्र आले की मालाची विक्री दुप्पट होते, पण सुटी मागणारी माणसेही दुप्पट होतात. येथेच माझी चूक झाली होती.

२००४ ची भाऊबीज

त्या वर्षी लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते. भाऊबीज आणि ईद एकाला लागून एक आली. दुकानात आम्ही सात माणसे. चार जण रोजेदार, तीन जण दिवाळीवाले. संध्याकाळी इफ्तारीची वेळ झाली की दिवाणजी स्वतः उठून काउंटरवर उभे राहत, गज हातात घेऊन कापड मोजत आणि आम्हाला म्हणत, 'तुम्ही आत जा, रोजा सोडा, गिऱ्हाईक मी बघतो.' महिनाभर हे चालले. मी त्यांना कधी सांगितले नव्हते.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ते माझ्याजवळ आले. सासवडला त्यांची धाकटी बहीण होती. त्याच वर्षी तिचे यजमान वारले होते. 'भाई, उद्याचा दिवस मिळाला तर बरे होईल,' ते म्हणाले. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ईदची सगळी गर्दी अंगावर आली होती. मी म्हटले, 'दिवाणजी, ईद होऊ द्या, मग दोन दिवस जा.' ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी येऊन गादीवर बसले, आणि रात्री दुकान बंद होईपर्यंत बिले फाडत राहिले.

ईद झाल्यावर मी त्यांना बोनस दिला, वर एक साडी दिली, मिठाई दिली. त्यांनी सर्व घेतले. मग म्हणाले, 'भाई, पैसे पुरे मिळाले. पण बहीण ओवाळणीचे ताट लावून रात्री दहापर्यंत बसली होती.' आवाजात राग नव्हता. मला उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचत नाही. त्यांनी महिनाभर आमचा रोजा सांभाळला होता, मला त्यांचा एक दिवस सांभाळता आला नाही.

मी स्वतः नोकर होतो तेव्हाची एक गोष्टही मला त्या रात्री आठवली. १९८७ च्या उन्हाळ्यातली ईद. मी एका कापडाच्या दुकानात उमेदवारी करीत होतो. चांदरातीला रात्री दोन वाजेपर्यंत थाने उलगडून दाखविली आणि 'पगार ईदनंतर' असे ऐकून घरी गेलो. सकाळी गोळीबार मैदानावरच्या ईदगाहला जुनाच सदरा घालून गेलो. कापडाच्या दुकानात काम करणारा पोरगा जुन्या सदऱ्यात! तेव्हा मी मनाशी ठरविले होते की मी मालक झालो तर असे करणार नाही. पैशाच्या बाबतीत मी ते पाळले. पण दिवस देणेही तितकेच देणे आहे, हे मला दिवाणजींनी शिकविले.

चार सुट्या आधी लिहा

त्या वर्षापासून आमच्या दुकानात एक पद्धत आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुढील वर्षाचे कालनिर्णय येते. त्यात सर्व धर्मांचे सण असतात. सर्व माणसे एकत्र बसतात आणि सुट्या लाल पेनने लिहिल्या जातात.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही हीच कल्पना आहे. त्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्या सांगितल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. बाकीच्या चार मालकाने आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसात ठरवावयाच्या. लहान दुकानांना या कायद्यातून बरीच सूट आहे, परंतु 'वर्ष सुरू होण्यापूर्वी आणि आपसात' हे शब्द लहान दुकानाने तर अधिकच लक्षात ठेवावेत.

आमच्या चार सुट्या अशा ठरल्या आहेत: रमजान ईद, बकरी ईद, लक्ष्मीपूजन आणि गणपती विसर्जन. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता मिरवणुकीचा असतो, तेव्हा त्या भागात धंदा होतच नाही. या चार दिवशी दुकान सर्वांसाठी बंद. त्याशिवाय प्रत्येकाला आपल्या मनाचा एक दिवस, जो कोणत्याही गर्दीत नाकारला जात नाही. दिवाणजींनी अर्थातच भाऊबीज घेतली. एका मुलाने शब-ए-कद्रनंतरची सकाळ मागितली. नाताळवाल्याचा २५ डिसेंबर. त्या दिवशी त्याच्या जागी कोण उभा राहील त्याचे नावही तेथेच लिहिले जाते. ईदची तारीख चंद्रावर असते, म्हणून ईदपुढे दोन दिवसांवर खूण करतो.

बदलीची ही पद्धत मोठ्या प्रमाणावरही चालते. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. तेव्हा अनेक शहरांतील मुस्लिम मंडळींनी आपले जुलूस पुढे ढकलले, आणि राज्य शासनाने ईद-ए-मिलादची सुटी २९ तारखेला दिली. रस्ता एक आणि सण दोन असले की कोणीतरी आधी बसून बोलावे लागते. दुकानाच्या काउंटरचेही तसेच आहे.

शीरखुर्मा आणि फराळ

पैसा दिला, दिवस दिला, आता मिठाईकडे वळू.

ईदला शेजाऱ्यांना आणि नोकरांना शीरखुर्मा पाजणे ही आपली शान आहे. दूध, शेवया, खजूर, तूप, सुका मेवा. यात मांसाहारी काही नाही. तरीही पुण्याच्या बाजारात आपले शेजारी गुजराती, मारवाडी, जैन आणि ब्राह्मण असतात, त्यांच्या सोवळ्याचा मान ठेवावा. काही जणांना आपल्या घरच्या भांड्यातील चालत नाही. अशांना आग्रह करून अडचणीत आणू नये. त्यांच्यासाठी कोरडा शिधा उत्तम: शेवया, खजूर, साखर, बदाम-चारोळी एका पिशवीत. ते घरी आपल्या हाताने करून खातात आणि दुसऱ्या दिवशी कसा झाला ते सांगतात.

कालनिर्णय येथेही उपयोगी पडते. त्या दिवशी कोणाचा उपवास असेल तर त्या माणसाला शेवया चालत नाहीत. खजूर आणि मेवा चालतो. जैन शेजाऱ्यांत सूर्यास्तानंतर न खाणारे पुष्कळ असतात, तेव्हा त्यांना दुपारीच बोलवावे. वर्ख लावलेली मिठाई ते टाळतात. बकरी ईदला शाकाहारी शेजाऱ्याकडे काही पाठवावयाचे तर सुका मेवाच पाठवावा, आणि तोही वेगळ्या हाताने.

उलट बाजूने, दिवाळीचा फराळ आपल्याकडे येतो. चकली, चिवडा, करंजी, शंकरपाळे. रोजे चालू असतील तर 'आत्ता खाता येणार नाही, इफ्तारला खातो' असे सांगून डबा ठेवून घ्यावा. परत पाठवू नये. आणि रिकामा डबा धुऊन रिकामाच देऊ नये, ही तर आपल्या आजीची शिकवण.

खर्चाचे म्हणाल तर मार्केट यार्डातील पूना मर्चंट्स चेंबर गेली अनेक वर्षे दिवाळीत लाडू आणि चिवडा ना नफा ना तोटा तत्त्वावर विकतो. व्यापाऱ्यांच्या संघटनेने एकत्र येऊन गरिबाच्या घरचा फराळ स्वस्त केला, हे आपण घेण्यासारखे आहे. मोमीनपुरा, कोंढवा आणि कॅम्पातील आपल्या व्यापाऱ्यांनी एकत्र होऊन घाऊक भावाने शेवया, खजूर आणि मेवा आणला आणि त्याच भावाने कारागिरांना दिला, तर एका एका दुकानाला फार झीज पडणार नाही.

पानसुपारीचे आमंत्रण

पुण्याच्या बाजारात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी किंवा पाडव्याला व्यापारी एकमेकांना पानसुपारीला बोलावतात. आपल्यातील काही बंधूंना जावे की न जावे असा संकोच वाटतो. मी माझा अनुभव सांगतो. पूजा हा त्यांच्या घरचा आणि श्रद्धेचा भाग आहे. तो आटोपल्यावर पाहुण्यांची वेळ असते. त्या वेळेला जावे, मुबारकबाद द्यावी, नव्या वर्षाच्या धंद्याला शुभेच्छा द्याव्यात. जे घ्यावयाचे नसेल ते हसून हात जोडून नाकारले तर इतक्या वर्षांत कोणी वाईट मानलेले मी पाहिले नाही. न जाण्याचे मात्र वाईट वाटते, आणि ते वर्षभर लक्षात राहते.

पानसुपारीच्या तबकात अत्तरदाणी असते, गुलाबपाणी असते. ते अत्तर पुष्कळदा आपल्याच एखाद्या अत्तरवाल्याकडून आलेले असते. तबकाकडे पाहिले तर बाजार कोणाकोणाचा आहे ते कळते.

ईदमिलनालाही हीच गोष्ट लागू आहे. मोठा मांडव, भाषणे आणि हार-तुरे यांनी वर्तमानपत्रात बातमी येते. पण दुकानाच्या मागच्या खोलीत, चटईवर, हमालापासून दलालापर्यंत सर्वांनी एका ओळीत बसून शीरखुर्मा प्यायला तर त्याची आठवण अधिक टिकते. त्या ओळीत मालकाने गल्ल्याच्या बाजूला बसू नये, माणसांच्या मध्ये बसावे. हमालाला वाटी आधी द्यावी.

मंदीचे वर्ष असेल तर

सर्वच वर्षे सारखी नसतात. २०२० मध्ये रमजान ईद टाळेबंदीत आली, दुकाने बंद होती, गल्ल्यात काही नव्हते. अशा वर्षी मालकाने तोंड लपवू नये. महिनाभर आधी सर्वांना बसवून वही उघडून दाखवावी: एवढे आले, एवढे गेले, एवढे देऊ शकतो, बाकी अमुक महिन्यात देईन. आणि तो महिना पाळावा. आमच्या दुकानातही त्या वर्षी अर्धीच रक्कम देता आली, राहिलेली पुढच्या वर्षी तीन हप्त्यांत दिली. एकही माणूस सोडून गेला नाही. लोकांना कमी मिळाल्याचे दुःख होते, पण फसवल्याचे दुःख त्याहून मोठे असते.

वहीत लिहून ठेवण्यासारखे थोडक्यात असे. रोज २४०-२५० रुपये किंवा आपल्या पगाराच्या मानाने जे येईल ते बाजूला काढा. सणाची रक्कम सणाच्या निदान आठ दिवस आधी द्या, म्हणजे माणसाला शिंप्याकडे कापड टाकता येते. रमजान अर्ध्यावर आला की चांगले शिंपी काम घेणे बंद करतात. उचल त्या रकमेतून कापू नका. सुट्या डिसेंबरात लिहा. घरी बसून काम करणाऱ्यांची मजुरी चुकती करा. मिठाई शेवटी आणा.

दिवाणजी आता निवृत्त झाले आहेत, पण भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुकानावर येतात. सासवडहून बहिणीने दिलेला डबा हातात असतो. तो काउंटरवर ठेवतात आणि नव्या मुलांना विचारतात, 'काय रे, सगळ्यांना दिवस मिळाला का?' मुले माझ्याकडे पाहतात. आजवर तरी मला मान खाली घालावी लागलेली नाही. पुढेही लागू नये, एवढी दुवा आपण सर्वांनी करावी.